पाटीमागची गाडी

माझ्या घरमालकांच्या गाडीच्या तोंडावर एक पितळी पाटी होती. पाटीवर 'सभापती' हा शब्द एवढा मोठा की रस्त्याच्या पलीकडच्या पानटपरीवरून वाचता यावा. त्याच्या वर डाव्या कोपऱ्यात 'माजी' होतं, मुंगीएवढं. ते वाचायचं तर गाडीसमोर वाकावं लागे, आणि वाकलेल्या माणसाला ते नमस्कार समजून हात वर करायचे.

नांदेडला मी त्यांच्या माडीवरच्या खोलीत भाड्याने राहत होते. एका क्लासमध्ये अकरावी-बारावीच्या पोरांना फिजिक्स शिकवायचे. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली, आणि एम.एस्सी. झालेली आमच्या वस्तीतली पहिली. आई अर्धापूरच्या बागांमध्ये केळीचे घड वाहायची, वडील बांधकामावर. हे मी कुणापासून लपवत नाही आणि कुणी त्याबद्दल हळहळलेलंही मला चालत नाही.

खोली बघायला गेले त्या दिवशी त्यांनी आधी गाव विचारलं, मग आडनाव. आडनाव ऐकलं आणि म्हणाले, "आमच्याकडं तसलं काही पाळत न्हाईत बरं का." मी काही विचारलं नव्हतं. नळ कुठे आहे ते दाखवताना हेच वाक्य परत आलं, जिना दाखवताना परत आलं. जो पाळत नाही त्याला ते सांगत फिरावं लागत नाही, हे मला शाळेत असल्यापासून माहीत आहे. तेवढ्यात त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, चहा आणला. घरातल्या सगळ्यांचे कप त्याच ताटलीत होते, त्यातलाच एक माझ्यापुढे केला. बोलल्या काहीच नाहीत. मी खोली घेतली ती त्या कपामुळे.

त्यांना मी पहिल्यांदा काका म्हटलं, तर म्हणाले, "काका गल्लीत लई हायत. आपल्याला लोक सभापती म्हणतात." मग मीही सभापती साहेब म्हणू लागले. हा माणूस कधीकाळी तालुक्याच्या पंचायत समितीचा सभापती होता. फार दिवस नव्हता. अविश्वास ठराव आला आणि खुर्ची गेली. पण त्यांच्या बोलण्यात ती खुर्ची अजून त्यांच्याखाली असे. भाजीवाल्याशी बोलतानाही "आमच्या काळात" असं सुरू करायचे, आणि बोलून झालं की भाजीवाल्याने पिशवी दारापर्यंत आणून द्यावी अशी वाट बघत उभे राहायचे. तो काही आणत नसे. मग काकू जाऊन आणायच्या.

गाडी जुनी होती, पांढरी, पेट्रोलवरची. ती तापायची. नांदेडमध्ये कलेक्टर ऑफिस, तहसील, लग्नाचं कार्यालय एवढं फिरताना कळायचं नाही. पण हायवेला लागलं, लोहा मागे पडलं की काटा वर चढायचा आणि बॉनेटखालून वाफ निघायची. डिकीत पाण्याचे कॅन आणि एक ओलं गोणपाट कायम असायचं. रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून बॉनेटवर ते गोणपाट टाकलेला सभापती ज्याने बघितला नाही असा माणूस त्या रस्त्यावर मिळणं कठीण होतं.

आता हे समजायला एम.एस्सी. लागत नाही. गाडीच्या तोंडाला जाळी असते ती वारा आत जावा म्हणून. जाळीच्या मागे रेडिएटर. वारा लागला की त्यातलं पाणी निवतं, आणि निवलेलं पाणी इंजिन थंड ठेवतं. यांनी जाळीच्या तोंडावर तिच्याएवढीच पितळेची पाटी चार बोल्टांनी आवळून बसवलेली. म्हणजे घराची खिडकी विटांनी बुजवायची आणि घाम का येतो म्हणून डॉक्टर बदलत राहायचं.

आणि डॉक्टर त्यांनी बदललेच. आमच्या घराजवळच्या गॅरेज लाइनमधल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने सुरुवातीलाच खरं ते सांगून टाकलं होतं. तो म्हणाला, "साब, हवा आने की जगाच बंद करके रक्खे तुम. ये पाटी निकालो, फिर देखो." सभापतींनी त्याला विचारलं, तू मिस्त्री हाय का विरोधी पार्टीचा? आणि तिथल्या तिथे गाडी धक्का मारून शेजारच्या गॅरेजात नेली. हे सगळ्या लाइनने बघितलं. त्या दिवसापासून लाइनमधला प्रत्येक मिस्त्री एक गोष्ट शिकला. साहेबांपुढे पाटीचं नाव काढायचं नाही. ते जे म्हणतील ते बदलून द्यायचं.

मग थर्मोस्टॅट बदललं. पाण्याचा पंप बदलला. रेडिएटर आधी साफ केला, मग नवा टाकला. रबराचे पाइप नवे, पंखा नवा. हेड खोलून गॅस्केटही बदललं. पाटी सोडून सगळी गाडी बदलून झाली. प्रत्येक वेळी ते गाडी घेऊन यायचे आणि फाटकातूनच काकूंना ओरडून सांगायचे, आता बघ, बर्फ झालीय बर्फ. पुढच्या हायवेला बर्फाची वाफ व्हायची. मग मिस्त्री चोर. मग पेट्रोलात भेसळ. मग गोदावरीचं पाणी जड झालंय. एकदा तर म्हणाले, तेलंगणाकडनं जी हवा येऊन राहिली ती इंजिनाला मानवत न्हाई.

मी एकदा सांगून बघितलं. एकदाच. क्लासवरून येत होते, ते फाटकात बॉनेट उघडून उभे होते. मी म्हटलं, साहेब, रेडिएटरला वारा लागतो, पाटी तेवढी खाली बंपरवर घ्या. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांच्या डोक्यावरची टोपी मागितली.

"म्याडम," ते म्हणाले, "तुम्ही पुस्तकातलं सांगून राहिलात. ही गाडी हाय."

ठीक आहे. पुस्तक वाचायला मी कंदिलापासून ट्यूबलाइटपर्यंत आले होते. ते त्यांना फुकट द्यायची मला हौस नव्हती.

पाटीची एक दंतकथाही होती. कधीतरी लातूर फाट्यावर नाकाबंदी होती. गाड्या थांबवत होते. एका कोवळ्या शिपायाने पाटी लांबून बघितली आणि सलाम ठोकून गाडी पुढे सोडली. हा सलाम त्यांनी किती वर्षं चघळला त्याला हिशोब नाही. घरी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचे, भाडेकरूला, गॅसवाल्याला, जावयाला. शेवटी म्हणायचे, "पाटी नसती तर थांबावं लागलं असतं." पोलीस थांबवत नव्हते हे खरं. गाडीच थांबत होती.

आणि हीटरची गोष्ट. कुणीतरी त्यांना सांगितलं की हीटर चालू ठेवला की इंजिनाची गरमी गाडीत येते आणि इंजिन निवतं. हे खरं आहे, शास्त्राला धरून आहे. पण ते मे महिन्यात बिलोलीला लग्नाला निघाले होते, आणि मागच्या सीटवर फेटे बांधलेले तीन म्हातारे पाहुणे होते. त्यांनी हीटर लावला. बाहेर नांदेडचं ऊन, आत हीटर. पाहुणे उकडले तरी चालतील, पण पितळेची पाटी जागची हलता कामा नये. संध्याकाळी परत आले तेव्हा मी जिन्यात होते. फेटे हातात घेऊन तिघे उतरले. त्यातला सगळ्यात थोराड म्हातारा फाटकाला धरून म्हणाला, "सभापती, पुढच्या टायमाला आमाला हंड्यात घालून न्या. लवकर शिजू." काकू तोंडाला पदर लावून आत पळाल्या.

पाटी घासायचं काम काकूंचं होतं. रोज सकाळी चिंच आणि मीठ घेऊन त्या गाडीसमोर बसायच्या. चहाच्या आधी पाटी. सभापती वर्तमानपत्र धरून ओट्यावर, आणि मधेच म्हणायचे, "'भ'च्या पोटात काळं राहिलंय बघ." मी माडीवरून हे बघायचे आणि मला राग यायचा. काकूंना एकदा विचारलं, तुम्हीच का घासता? त्या म्हणाल्या, "खुर्ची गेली ना, त्या दिवशी आठवडी बाजार होता. सरकारी जीप बाजारातच काढून घेतली. भरल्या बाजारातून पायी घरी आले हे. तवापासून असं हाय. जाऊ दे." त्यांना वाटलं मला कीव येईल. मला आली नाही. माझे वडील भरल्या बाजारातून आयुष्यभर पायीच घरी आले. त्यांनी छातीवर कुठली पाटी लावली नाही.

मग तो रविवार आला. सकाळी काकूंच्या भावाचा रेणापूरहून फोन आला. त्यांच्या आईने अन्न सोडलं होतं. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं होतं. म्हातारी मुलीचं नाव घेत होती, आणि भाऊ म्हणाला, ताई, आज ये, उद्याचं सांगता येत न्हाई.

काकूंनी लगेच पिशवी भरली आणि म्हणाल्या, मी यष्टीनं निघते. साहेब आंघोळ करून कपडे इस्त्री करत होते. ते म्हणाले, "सभापतीची बायको माहेरी यष्टीनं जाती का? मी काय तोंड दाखवू? गाडी काढतो की." आणि मग, इस्त्री फिरवता फिरवता, "पाटी घे घासून तेवढी. सासरवाडीला चाललोय."

काकूंनी घासली. आई मरायला टेकलेली आणि ही बाई चिंच घेऊन गाडीसमोर बसलेली. माडीवरून मी ते बघितलं आणि चपला घालून खाली आले. काकू म्हणाल्या, "तू बी चल संग. हे रस्त्यात कुनाशी तरी भांडत बसतील." मला सुट्टी होती. मी गेले.

लोह्याच्या पुढे वाफ. गोणपाट, पाणी, थांबणं. परत निघालो, हीटर लावला. काकू खिडकीबाहेर बघत होत्या, घामाने चिंब. एका ढाब्यापाशी परत वाफ. तिथल्या लोकांनी पाणी दिलं आणि त्यातला एक जण पाटीकडे बोट दाखवून काहीतरी म्हणणार होता, साहेबांनी त्याला "काम बघ तुझं" म्हटलं. भावाचा परत फोन आला. काकूंनी उचलला. "येऊन राहिलो म्हन," एवढंच साहेब म्हणाले. अहमदपूर मागे टाकलं आणि पुढच्या चढावर गाडी पुरती बसली. इंजिन बंद. दोन्ही बाजूला सोयाबीनची रानं, आणि पाण्याचे कॅन रिकामे.

ते उतरले आणि पहिली शिवी गॅस्केटवाल्याला घातली. मी डिकी उघडली. पाना होता. घेऊन गाडीच्या पुढे आले आणि म्हटलं, साहेब, चार बोल्ट आहेत. पाटी काढू, गाडी निवू द्या, समोरच्या रानातून पाणी आणू. मग वारा लागेल आणि लातूर गाठता येईल.

ते पाटीसमोर येऊन उभे राहिले. हात मागे बांधून, जणू मी मंदिराचं कुलूप तोडायला आले होते.

"पाटीला हात लावायचा न्हाई."

"साहेब, काकूंची आई..."

"लेकरांना शिकवता ना, तेवढं शिकवा. मला शिकवू नका."

काकू गाडीतून उतरल्या. पदर कमरेला खोचला होता. त्या त्यांच्यासमोर जाऊन म्हणाल्या, "काढा ती."

"अगं, येशीतनं पाटीशिवाय गाडी नेऊ? तुझा भाऊ काय म्हणंल? लोक काय म्हणतील?"

काकू पाटीकडे बघत राहिल्या. पाटी उन्हात लखलखत होती. घासलेली होती ना सकाळीच. 'भ'च्या पोटातसुद्धा काळं नव्हतं.

"सकाळी फोन आल्यावर बी मी हिलाच घासत बसले," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "आईचं तोंड बघायचं सोडून हिचं तोंड धूत बसले."

मागून लातूरची एसटी चढ चढत येत होती. काकू रस्त्याच्या मधोमध गेल्या आणि हात वर केला. त्यांच्या नवऱ्याचा हात लोकांच्या नमस्कारासाठी वर व्हायचा. हा हात तसा नव्हता. एसटी थांबली. कंडक्टरने दार उघडलं, गाडी बघितली, पाटी बघितली, आणि म्हणाला, "मावशी, गाडी हाय की तुमची."

"गाडी त्यांची हाय," काकू म्हणाल्या. "मला माझ्या आईकडं जायाचंय."

मी पाना साहेबांच्या हातात दिला आणि काकूंच्या मागे चढले. ते "अगं", "अगं" करत राहिले, पण पाटीसमोरून हलले नाहीत. कदाचित त्यांना वाटलं असेल की आपण हललो तर पोरगी खाली उतरून बोल्ट काढील. एसटी निघाली. काकूंनी मागे वळून बघितलं नाही. मी बघितलं. रिकामा रस्ता, वाफ, आणि पाटीची राखण करत उभा असलेला सभापती. तिकीट फाडताना कंडक्टर म्हणाला, बायांना अर्धं. काकू म्हणाल्या, "एवढं सोपं होतं व्हय."

लातूरला उतरून रेणापूरची गाडी धरली. पोचलो तेव्हा म्हातारी शुद्धीवर होती. अंगणात माणसं जमली होती, काकू त्यांच्यामधून सरळ आत गेल्या आणि आईचं डोकं मांडीवर घेतलं. म्हातारीने लेकीच्या हातून चमचाभर पाणी घेतलं. गालावरून हात फिरवला. मग दाराकडे बघून बारीक आवाजात विचारलं, "जावई?"

"येऊन राहिलेत," काकू म्हणाल्या. "गाडी तापलीय."

म्हातारीने डोळे मिटले. मग म्हणाली, "अजून?"

रडणाऱ्या बायका हसल्या. काकूही हसल्या, रडता रडता. मायलेकी उशिरापर्यंत काहीबाही बोलत राहिल्या, मध्येच म्हातारीचा डोळा लागायचा, मध्येच ती जागी होऊन "हायेस का?" विचारायची. काकू होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी म्हातारी गेली, लेकीच्या मांडीवर.

साहेब त्या रविवारीच दिवस मावळताना आले. ट्रॅक्टरमागे दोरखंड बांधून गाडी ओढत आणली होती. वेशीतून पाटी आली खरी, पण ट्रॅक्टरच्या धुरात. गावातली पोरं मागे पळत होती. गाडीतून उतरून मेव्हण्याला त्यांनी पहिलं वाक्य काय ऐकवलं? "मिस्त्री चोर निघाला." मेव्हणा पाठ फिरवून आत गेला. अंगणातल्या कुणीच त्यांना बसा म्हटलं नाही. मला त्याचं बरं वाटलं होतं आणि आजही वाटतं.

नांदेडला परत आल्यावर काकूंनी पाटीला हात लावला नाही. भांडण नाही, तक्रार नाही. सकाळी उठायच्या, चहा करायच्या, माडीवर येऊन माझ्यासोबत प्यायच्या. खालून आवाज यायचा, "अगं, पाटी!" काकू बशीत फुंकर मारायच्या. पाटी आधी पिवळी पडली, मग काळी, मग पावसाळ्यात हिरवी. ती साहेबांना स्वतः घासता आली असती. पण चिंच कुठल्या डब्यात असते हे त्यांना माहीत नव्हतं, आणि विचारलं असतं तर काकूंनी सांगितलं असतं असं मला वाटत नाही.

काकू त्या गाडीत परत बसल्या नाहीत. भावाकडे, लेकीकडे, कुठेही जायचं तर एसटी. शेवटी गाडी विकली. घेणारा अर्धापूरचा एक केळीवाला होता. त्याने फाटकातच पाना काढला, चार बोल्ट सोडले, पाटी साहेबांच्या हातात ठेवली आणि गाडी घेऊन गेला. पुढे कळलं की तो त्याच गाडीतून हैदराबादला जाऊन येतो आणि गाडी एकदाही तापली नाही. हे मीच साहेबांना सांगितलं. मुद्दाम सांगितलं. ते मान डोलावत म्हणाले, "तापंलच कशी? सगळं सामान मी नवं टाकून दिलं होतं."

मग मला लातूरच्या कॉलेजात नोकरी लागली आणि मी ती खोली सोडली. काकूंना भेटायला मधून मधून जाते. गेल्या उन्हाळ्यात गेले. फाटकातच थांबले. समोरच्या खोलीच्या खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर कूलर होता. त्याची एक बाजू भिंतीला टेकलेली, दुसरीकडे पाण्याची टाकी. वारा आत जायला उरलेली मागची बाजू रस्त्याकडे होती. आणि तिथे, वाळ्याची जाळी पूर्ण झाकून, तारेने घट्ट बांधलेली पाटी. काळीहिरवी. 'सभापती' अजून रस्त्यापलीकडून वाचता येत होतं.

काकू माडीवर राहायला गेल्या होत्या, माझ्या जुन्या खोलीत. दारं-खिडक्या सताड उघडी. आम्ही दोघी जिन्याने खाली आलो तेव्हा साहेब बनियनवर खुर्चीत बसले होते, घामाने निथळत, हातात वर्तमानपत्राचा पंखा. कूलर घुरघुर करत होता आणि गरम वाफ सोडत होता.

मला बघून त्यांनी बनियन सारखं केलं.

"म्याडम," ते म्हणाले, "तुम्ही फिजिक्सवाल्या. ह्या कूलरचं काय बिघडलं असंल? पंप नवा टाकला, पाती बदलली. गार हवाच देऊन न्हाई राहिला."

त्यांनी मला पहिल्यांदा सल्ला विचारला होता. काकूंनी माझ्याकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला.

मी कूलरजवळ गेले. हात लावून बघितला, कान देऊन ऐकला, सगळं रीतसर केलं.

"मोटर बदलून बघा, सभापती साहेब," मी म्हटलं.